नाकाचा भरवसा

शनि. ८ मार्च

मासा खराब होता. बाबांनी आणलेला मासा खराब होता. दोनदा लिहिलं तरी पटत नाही.

एरवी शनिवारी आजोबा आणि नात जोडीने जवळच्या एशियन सुपरमार्केटात जातात. आज इरा मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती, म्हणून बाबा एकटेच चालत गेले. आले ते खुशीत. "काहावाई मिळाला. बांगड्याचा थोरला भाऊ. भुजणं कर आज." अश्विनीने पिशवी उघडली आणि एक पाऊल मागे सरली. मी हॉलमध्ये होतो, मला तिथपर्यंत भपकारा आला. बाबा ओट्याला टेकून उभे, पिशवीपासून हातभर अंतरावर. म्हणतात, "काय झालं?"

"बाबा, हा जरा..."

"जरा काय? तुम्हा कोल्हापूरकरांना मटण कळतं. माशात बोलू नये."

एरवी ती यावर हसते. आज हसली नाही. बाबा आंघोळीला गेल्यावर मी मासा पेपरात गुंडाळून फूड स्क्रॅप्सच्या डब्यात तळाशी टाकला. फ्रीझरमधली पापलेटं काढली. बाबांना सांगितलं की शेजारच्या मांजराने पळवला.

"एवढा मोठा काहावाई? मांजर होतं की वाघ?"

पुढे काही विचारलं नाही त्यांनी. ठाण्याच्या मार्केटात हा माणूस दिसला की कोळणी पाटीवरचा ओला फडका सारखा करायच्या. आमच्या सीकेपी घरांत मासळी आणायची ती पुरुषाने, आणि बाबांनी ते आयुष्यभर बँकेत जाण्याआधी देवपूजेसारखं केलं. "डोळा फसवतो, बोट फसवतं, नाक फसवत नाही" हे मी अक्षरं शिकण्याआधी शिकलो. त्या नाकाला आज काय झालं?

रवि. ९ मार्च

इराच्या स्विमिंगला. ती पोहायचे टॉग्ज घालून आत गेली, आम्ही दोघं गाडीत. अश्विनीने थेट विचारलं, "बाबांना वास येतो का रे?"

मी म्हटलं, वय झालंय, एक मासा चुकला.

ती एक एक सांगत गेली. परवा दूध करपून पातेलं काळं झालं, बाबा शेजारी बसून पेपर वाचत होते. चालताना उजवा हात हलत नाही, अंगाला चिकटून असतो. अक्षर बारीक होत चाललंय. "मी दिवसभर वॉर्डात म्हाताऱ्या माणसांतच असते. पार्किन्सनची सुरुवात कधीकधी नाकापासून होते. कधीकधी म्हणतेय मी. साध्या तापानेसुद्धा वास जातो. म्हणून तर दाखवायला हवं."

मी ओरडलो. उगाच ओरडलो. कारण मला पुढचं सगळं दिसलं. ८ एप्रिलला बाबांच्या इथल्या रेसिडेन्ससाठी मेडिकल तपासणी आहे. पास झाले तर कायमचे आमच्याकडे, माउंट रॉस्किलला. काही मोठं निघालं तर नकार येऊ शकतो. मग व्हिजिटर व्हिसा संपला की विमानात बसवायचं, आणि आई नसलेल्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये ते एकटे. भाऊ नाही, बहीण नाही. मी एकटाच, आणि तो इथे.

मंगळ. ११ मार्च

माझा धंदा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची आणि पगार घ्यायचा. आज घरी तेच केलं.

हिंगाची डबी उघडून समोर धरली. "हं, हिंग," बाबा म्हणाले. पण डबी पिवळी आहे, ओळखेल कोणीही. टेस्ट बाद.

मग चहा केला. वेलची घातली नाही, आलं घातलं नाही. नुसता चहा. कप हातात देताना म्हटलं, आज वेलची जरा जास्त पडली का?

बाबांनी घोट घेतला. "छान आहे. तुझी आई अशीच घालायची."

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

बुध. १२ मार्च

कामासाठी ‘ते रापा’ गावी, दूध कारखान्याच्या साइटवर. दुधाच्या पावडरीचा गोडसर वास पार्किंगपर्यंत येतो. एवढ्या फेऱ्या झाल्या, आजवर कधी जाणवला नव्हता. आता दिवसभर सगळ्याचेच वास येतायत. डिझेल, ओलं गवत, लिफ्टमधल्या माणसाचं लंच.

परत येताना सदर्न मोटरवेवर ट्रॅफिक. ठरवलं. ८ एप्रिलपर्यंत तोंड बंद. नंतर काय ते बघू.

शनि. १५ मार्च

वाईट दिवस.

बाबांना एकटं सोडायचं नाही म्हणून मीही गेलो. गाडीतच इरा फुगलेली. "आय एम नॉट स्मेलिंग एनीथिंग टुडे, आजोबा. इट्स ग्रॉस." बाबा म्हणाले, बरं. ती सरळ खेकड्यांच्या टाकीकडे गेली.

बाबा बर्फावरच्या माशांसमोर. इथल्या माशाचा डोळा बघू नये हा त्यांचा डिसेंबरपासूनचा सिद्धांत. बर्फाला टेकून ताज्याचाही डोळा पांढरा होतो, म्हणून नाकावर जायचं. आणि कोपऱ्यातल्या ट्रेमधल्यांचे कल्लेही आधीच काढलेले, म्हणजे तिथे तर नाकच उरलं. बाबांनी त्याच ट्रेमधला एक ट्रेव्हली उचलला. पोटाशी नाक नेलं. छान लांब श्वास घेतला. मान डोलावली.

मला शेजारून आला वास. मी "बाबा, स्नॅपर बघूया का" म्हणेपर्यंत काउंटरवरची मुलगी बोलली. एप्रनवर नाव लिन. "नॉट दॅट वन, अंकल. आय गेट यू अनदर वन." हळू आवाजात, कोणाला ऐकू जाऊ नये असं. मग तो ट्रेच उचलून आत नेऊ लागली.

आणि बाबा फुटले. इंग्रजीत. तू मला मासा शिकवतेस? चांगला माल तुमच्या लोकांसाठी ठेवतेस, आम्हाला कळत नाही काय!

रांगेतली माणसं बघायला लागली. एकाने फोन वर केला. माझे बाबा, परक्या मुलीला, "तुमचे लोक" म्हणून. लाजेने मेलो. सॉरी सॉरी म्हणत मध्ये उभा राहिलो. लिनने आतून एक स्नॅपर आणला, ताजा, कल्ले लाल. बाबांनी तो बघितलासुद्धा नाही. हट्टाने ट्रेव्हलीच घेतला. ती देईना, तर हिसकावून पिशवीत घातला. मी गपचूप पैसे दिले. मला तरी काय सुचणार होतं?

गाडीत इरा नाक दाबून, "डॅड, इट स्टिंक्स!" मी काचा खाली केल्या. बाबा बाहेर बघत बसले. घरी आल्यावर स्वतः मागच्या दारी गेले, पिशवी तशीच डब्यात टाकली. "माझा मूड गेला," म्हणाले. दुपारी वरणभात.

रवि. १६ मार्च

बाबा देवळात गेले तेवढ्यात आम्ही भांडून घेतलं.

अश्विनी म्हणते जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, आत्ता न्यायचं, मेडिकलच्या आधी. मी म्हणतो नंतर.

"आणि मेडिकलला डॉक्टरने विचारलं तर?"

"नाकाचं कोण विचारतं?"

"मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, मंदार. आधीच सांगून ठेवते."

"तुझे वडील असते तर?"

फार लागलं तिला. मग म्हणाली, "माझे असते तर औषध लवकर सुरू केलं असतं. तुला ते इथे हवेत की बरे हवेत?"

दोन्ही. दोन्ही हवंय मला. हे उत्तर तिला दिलं नाही. दार आपटून लॉन कापायला गेलो. अर्धं कापून सोडलं.

शनि. २२ मार्च

दुकान बदलूया म्हटलं तर बाबा तयार होईनात. "तिथेच जायचं. तोंड लपवून किती दिवस फिरणार?"

मी युक्ती काढली. म्हटलं, बाबा, मला शिकवा. तुमच्यानंतर घरात कोणाला मासा कळत नाही. माझा हिशेब असा की शिकायच्या निमित्ताने मी आधी बघीन, वाईट असेल तर बाजूला सारीन.

खुलले एकदम. आत शिरताच शिकवणी सुरू. पाठीवर अंगठा दाब, खळगा पडून राहिला तर पुढे चल. पोट फुगलेलं नको. शेपूट ताठ हवी. अंगावरचा चिकटा पाण्यासारखा हवा, दुधासारखा नको. कोळंबीचं डोकं काळं पडलं की ती गेली. मसलचा शिंपला उघडा दिसला तर टिचकी मार, मिटला तर जिवंत, नाही मिटला तर राहू दे. चिकनच्या पाकिटात पाणी साठलंय का बघ. बोलताना त्यांचं म्हातारपण निम्मं झालं. बोटं मात्र थोडी थरथरत होती. की मलाच तसं दिसतंय आता?

मग स्नॅपर उचलला. त्याला ते तांबोशीच म्हणतात. कल्ला उघडून माझ्या नाकाखाली धरला.

"घे वास. सांग."

"ठीक आहे."

दुसरा. "हा?"

"हा नको."

तिसरा. "आणि हा?"

प्रत्येक वेळी मलाच. स्वतःच्या नाकाशी एकदाही नेला नाही. मी मास्तरांचा विद्यार्थी म्हणून हुंगतोय असं समजत होतो. तेवढ्यात इरा मागून म्हणाली, "फायनली! नाउ डॅड कॅन डू इट. ही ऑलवेज मेक्स मी डू इट."

बाबांनी मासा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

म्हणजे नाक गेलंय हे त्यांना माहीत आहे.

रवि. २३ मार्च

इराला पार्कात नेऊन विचारलं. आधी सांगेना. "इट्स अवर सीक्रेट." आइस्क्रीमवर सांगितलं.

ख्रिसमसच्या सुट्टीपासून चाललंय. आजोबा मासा उचलणार, आधी आपल्या नाकाशी नेणार, लोकांसाठी, मग तिच्या. चांगला असेल तर तिने त्यांच्या हातावर एकदा टॅप करायचं. वाईट असेल तर दोनदा. मग आजोबा मोठ्याने म्हणणार, "हा घेऊ" किंवा "छे, शिळा आहे."

"ॲम आय इन ट्रबल?"

नाही गं बाई. तू हुशार आहेस. गेले तीन महिने आम्ही जो ताजा मासा खाऊन बोटं चाटली तो नऊ वर्षांच्या पोरीने निवडलेला. जिला मासा आवडतही नाही. ती वाढदिवसाला गेली, त्या दिवशी मासा खराब आला. आणि मागच्या शनिवारी ती रुसली, त्या दिवशीही. इतकं साधं होतं, आणि मी टेस्टर म्हणवतो.

हसूही येतंय आणि रडूही. अश्विनीला सांगितलं. ती रडली.

शनि. २९ मार्च

मासे नाहीत आज. बाबा म्हणाले, फिरायला चल. हिल्सबरोच्या उतारावरून खाली, खाडी दिसते तिथल्या बाकावर बसलो. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता.

सुरुवात त्यांनीच केली. "त्या मांजराला माझा नमस्कार सांग. डब्यात पेपरसकट दिसला मला दुसऱ्या दिवशी, कांद्याची सालं टाकताना."

मी ओशाळून हसलो.

"तुझी आई गेली, त्यानंतर घरात कसला वासच येईना. फोडणीचा नाही, उदबत्तीचा नाही, तिच्या कपाटाचा नाही. मला वाटलं, ती गेली म्हणून. बाई गेली की घराचा वास जातो, म्हणतात ना लोक. तसंच धरून चाललो. मग एकदा गॅस उघडा राहिला, शेजारचे धावत आले, तेव्हा कळलं की घराचं काही गेलेलं नाही. माझं गेलंय."

गॅस. मी इथे निवांत झोपत होतो तेव्हा. सांगितलं नाहीत का, विचारलं.

"काय सांगू? नाक गेलं सांगू? माझ्याकडे दुसरं काय होतं रे मिरवायला? बँकेत मी साधा क्लार्क. मार्केटात मात्र लोक विचारायला यायचे, काका, हा घेऊ का."

अश्विनीचं म्हणणं मी सांगितलं, आजाराच्या नावासकट. त्यांना नवीन वाटलं नाही. हात त्यांचाच आहे, त्यांना आधीच कळलं असणार. मग मी तोंडातून काढू नये ते काढलं. म्हटलं, बाबा, मेडिकलला काही बोलू नका. विचारलं तरी नाही. एकदा रेसिडेन्स हातात पडू दे.

ते खाडीकडे वळले. "ताज्याच्या खाली शिळा दडवणाऱ्या कोळणीशी मी आयुष्यभर भांडलो. दडवलेला मासा शोधून तिच्या तोंडावर धरायचो. लोक हसायचे. मला मोठेपणा वाटायचा."

"बाबा, तुम्ही मासा नाही."

"ती का दडवायची तेही ठाऊक होतं मला. पाटी रिकामी करून घरी जायचं असायचं तिला. तिला घरी जायचं असायचं, मंदार."

सांगणार की नाही, ते बोललेच नाहीत. उठताना माझा हात धरला. चढ होता, म्हणून असेल.

रवि. ६ एप्रिल

शेजारच्या झाडाच्या फिजोआ, पेरूसारखी हिरवी फळं, आमच्या कुंपणात पडायला लागल्यात. सगळ्या अंगणाला वास. बाबा गोळा करत होते, दाबून दाबून, मऊ निराळ्या, कडक निराळ्या. एक इराच्या नाकाखाली धरली. तिने हातावर एकदा टॅप केलं. आता लपवत नाहीत माझ्यापासून.

अश्विनीने जीपीची वेळ घेऊन टाकलीये, मेडिकलच्या पुढच्या आठवड्यात. "निकाल काही लागो, न्यायचं. यावर भांडण नको." नाही केलं. परवा बाबांबरोबर ती येणार नाही. म्हणाली, "मी समोर असले तर त्यांना माझ्याकडे बघून बोलावं लागेल."

मला भीती वाटते. कशाची, ते दर तासाला बदलतं.

मंगळ. ८ एप्रिल

बाबांनी नवा शर्ट घातला. निघताना म्हणाले, "चला, आज मी पाटीवर. उलटून पालटून बघू दे." हसलो दोघंही.

क्लिनिकमध्ये एक्स-रे, रक्त, मग डॉक्टर. मी दारापर्यंत गेलो. नर्स म्हणाली, "इंग्लिश चालतं ना? मग एकटे येऊ देत." दार बंद. मी बाहेर, समोर माशांच्या टाकीचा फोटो असलेलं जुनं मासिक. वाचलं नाही. आतून आवाज येत नव्हता. एकदा बाबांचं खोकणं. मग बराच वेळ काहीच नाही. एवढा वेळ का लागतोय? की एवढाच लागतो?

बाहेर आले. शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात. मी नीट लावून दिलं. काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "मासळीकडे घे." मागच्या सीटवर फिजोआंची पिशवी होती, घरून निघतानाच ठेवली असणार. लिन काउंटरवर होती. बाबांनी पिशवी तिच्यापुढे ठेवली. "सॉरी, बेटा. माय नोज इज नॉट वर्किंग." तिथे, सगळ्यांसमोर, बऱ्यापैकी मोठ्याने. तिने एक फिजोआ उचलून हुंगली आणि हसली.

इथे सांगितलं म्हणजे तिथेही सांगितलं? की तिथे सांगितलं नाही, म्हणून इथे?

बाबा माशांकडे वळले. एक तांबोशी उचलली. अंगठा दाबला, शेपूट बघितली, कल्ला उघडला आणि माझ्या नाकाखाली धरला. हात हलत होता, मी खालून आधार दिला.

"सांग."

मी वास घेतला. नुसतं खारं पाणी. "ताजी आहे, बाबा."

त्यांनी मासा तसाच धरून ठेवला, माझ्याकडे बघत.

"खरं सांगतोयस ना?"

"खरं."

"मग घे," म्हणाले, आणि लिनला साफ करायला दिली.

निकाल यायला काही आठवडे लागतील. घरी भुजणं केलं. बाबा दोनदा वाढून घेऊन जेवले.